सिनेमा दाखवतो म्हणून नेलेली माणसं

दर फेब्रुवारीत एका संध्याकाळी सिंगापूरभर भोंगा वाजतो. ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शस्त्रं टाकली, तो दिवस लोकांनी विसरू नये म्हणून. बिशानच्या आमच्या ब्लॉकमध्ये तेव्हा कोणी भाजी चिरत असतं, कोणी लिफ्टची वाट बघत असतं. त्या वर्षी भोंगा वाजला तेव्हा माझी मुलगी डायनिंग टेबलावर शाळेचं प्रेझेंटेशन करत बसली होती. विषय होता, दुसरं महायुद्ध कसं सुरू झालं, कसं पसरलं आणि कसं संपलं.

"जर्मनी पोलंडमध्ये घुसला. जपानला तेल आणि रबर हवं होतं. मग पर्ल हार्बर, मग मलाया, मग सिंगापूर पडलं. मग दोन बॉम्ब, मग शरणागती," तिने मला बोटांवर मोजून दाखवलं. "डन."

पंधरा वर्षांच्या मुलीला एवढं येतं म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण ते ऐकताना मला कुठल्यातरी मशीनची माहितीपुस्तिका वाचल्यासारखं वाटलं.

"शेजारच्या आंटींना विचार ना," मी म्हटलं. "त्या होत्या तेव्हा."

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तमिळ आंटी एकट्याच राहतात. नव्वदीच्या घरात आहेत. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, मुलगा ऑस्ट्रेलियात. स्वभाव कडक. माझ्या पोह्यांत मीठ कमी आहे हे त्या डबा परत देताना सांगतात. युद्धाबद्दल मात्र त्या इतक्या वर्षांत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मुलीने विचारलं तेव्हाही आधी म्हणाल्या, "पुस्तकात आहे ना सगळं?" मग तिने लॅपटॉपवरच्या स्लाइड दाखवल्या. आंटींनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात आमचा मळा कुठेय?"

त्या मलायातल्या जोहोरच्या एका रबराच्या मळ्यावर जन्मल्या. आईवडील दोघं झाडांना खाचा पाडून चीक गोळा करायचे. "युद्ध सुरू झालं ते असं," आंटी म्हणाल्या. "एका सकाळी गोरा मॅनेजर त्याच्या कुत्र्यांना मोटारीत घालून निघून गेला. कुत्र्यांना जागा होती. आम्हाला म्हणाला, काम चालू ठेवा."

काही दिवसांनी सायकलवरून जपानी सैनिक आले. तांदूळ मिळेनासा झाला, रताळी आणि टॅपिओका खाऊन दिवस काढावे लागले. रबर विकत घ्यायला कोणी नव्हतं, तरी माणसं सवयीने झाडांपाशी जात राहिली. मग एक दिवस दवंडी पिटली, शेजारच्या मोठ्या मळ्यावर फुकट सिनेमा दाखवणार आहेत, सगळ्या पुरुषांनी या.

"अप्पांना सिनेमा फार आवडायचा. ते धुतलेला शर्ट घालून गेले. मी पण येते म्हणून रडले, तर म्हणाले, गर्दी असेल, पुढच्या वेळी नेतो." आंटींनी चष्मा काढला. "सिनेमाच्या शेडची दारं बाहेरून लावली. मग लॉऱ्या आल्या, मग रेल्वे. सयामला, आताच्या थायलंडला नेलं त्यांना, जंगलातून बर्मापर्यंत लोहमार्ग बांधायला."

वडील परत आले नाहीत. मळ्यावरचे दोघेतिघे आले, ते काविळीने आणि जखमांनी ओळखू न येण्यासारखे झाले होते. त्यांनाही काही सांगता येईना. एवढंच म्हणाले, की पटकीची साथ आली तेव्हा आजारी माणसांना वेगळ्या झोपडीत ठेवायचे आणि त्या झोपडीतून कोणी बाहेर आलेलं पाहिलं नाही.

"आणि युद्ध संपलं तेव्हा?" मुलीने हळूच विचारलं.

"संपलं म्हणजे गोरा मॅनेजर परत आला. त्याच बंगल्यात. कुत्रं नवीन होतं." आंटींचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्याने हजेरी घेतली. अप्पांच्या नावाला आईने सांगितलं, सयामला नेलंय. तो म्हणाला, ज्या घरात कामाला पुरुष नाही त्यांनी मळ्याची खोली रिकामी करावी. जपान्यांनी बाप नेला आणि साहेबाने घर घेतलं. आता सांग, ह्यातलं कुठलं तू शरणागतीच्या स्लाइडवर टाकणार?"

मग मायलेकी सिंगापूरला मामाकडे आल्या. आईने लोकांच्या घरी धुणीभांडी केली, मुलीला शिकवलं. आणि मरेपर्यंत गळ्यातली ताली, म्हणजे आपलं मंगळसूत्र, काढली नाही. नवरा गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं, मग काढायची कशाच्या आधारावर? ती गेली तेव्हा तिला सवाष्णीसारखं न्यायचं की विधवेसारखं, ह्यावरून नातेवाईक तिच्या देहासमोर भांडले. आंटी म्हणाल्या, "मी सांगितलं, कुंकू लावा. कोणा सरकारला येऊन पुसायचं असेल तर पुसू दे."

त्या संध्याकाळी घरी येऊन माझ्या मुलीने शेवटची स्लाइड खोडली आणि नवी केली. त्यावर लिहिलं, "माझ्या शेजारणीसाठी युद्ध कधी संपलं, हे मला सांगता येत नाही."

त्याच आठवड्यात दूरवर कुठेतरी नवी लढाई पेटली होती. तांजोंग पगार भागातल्या आमच्या बँकेच्या ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर तेलाच्या भावाची लाल रेघ वर चढत होती. कॉफीचा मग हातात घेऊन एक सहकारी म्हणाला, "शॉर्ट वॉर असेल. इम्पॅक्ट लिमिटेड." मी विचारलं, "कोणावरचा?" त्याला वाटलं मी बँकेच्या कर्जदारांबद्दल विचारतेय. त्याने मला मनापासून समजावून सांगितलं. माझं डोकं सणकलं, पण मी ऐकून घेतलं.

शाळेतून निकाल आला तेव्हा मात्र ऐकून घेणं जमलं नाही. प्रेझेंटेशनला मार्क कापले होते. शेरा होता, 'भावस्पर्शी, पण प्रश्नाचं उत्तर नाही. पुरावा नाही.' मी अर्धा दिवस रजा टाकली आणि शिक्षिकेला भेटायला गेले. तरुण, नम्र मुलगी होती. तिने मला पाणी दिलं.

"मॅडम, गोष्ट फार चांगली आहे," ती म्हणाली. "पण युद्ध कसं संपलं ह्याचं उत्तर ठरलेलं आहे. आणि ह्या माहितीला लेखी आधार काय?"

"त्या लोहमार्गावर मेलेल्या गोऱ्या कैद्यांची थडगी बघायला बसगाड्या भरून माणसं जातात," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. "एकेकाचं नाव दगडावर कोरलंय, रांगेत, हिरवळीवर. कोरायलाच हवं. पण त्यांच्याशेजारी जे तमिळ मजूर हजारोंनी मेले, त्यांची नावं कोणी लिहूनच घेतली नाहीत. आधी नाव लिहायचं नाही, आणि मग ऐंशी वर्षांनी पोरीला विचारायचं, लेखी आधार कुठाय?"

तिने तो शेरा पुन्हा एकदा वाचला. नंतर म्हणाली, "मार्क मला बदलता येणार नाहीत. पण तुमच्या शेजारच्या आंटी वर्गात येऊन बोलतील का?"

आंटींना मी सांगितलं तर त्या भडकल्या. "मी काय म्युझियम आहे? त्या पोरीला परीक्षा पास होऊ दे की!" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग सकाळीच दार वाजवून विचारलं, "शाळेत जिना किती आहे?"

त्या इस्त्रीची सुती साडी नेसून, काठी टेकत वर्गात गेल्या. मी मागच्या बाकावर होते. त्यांनी खुर्ची नाकारली आणि उभं राहून सांगितलं. सिनेमाचं आलं तेव्हा कोणीतरी खुदकन हसलं, मग त्यालाच कळलं. शेवटी एका मुलाने विचारलं, "आंटी, तुम्ही जपान्यांना माफ केलं का?"

"माझ्याकडे कोणी माफी मागायला आलंच नाही," आंटी म्हणाल्या. "ना जपानी, ना इंग्रज. आल्यावर बघू."

टाळ्या पडल्या. त्यांना त्या आवडल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "टाळ्या कसल्या वाजवतात?"

मला त्याचाही राग आला होता. पण माझी मुलगी त्यांचा हात धरून जिना उतरत होती आणि त्या तिला वडिलांच्या शर्टाचा रंग सांगत होत्या, म्हणून मी काही बोलले नाही.

पितृपक्षात मी सहज विचारलं, "आंटी, अप्पांचं कधी काही केलं नाही का?" आमच्याकडे ज्यांची तिथी माहीत नसते त्यांचं सर्वपित्रीला करतात, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही तीच अमावास्या. पण मी ते केलं असतं तर आईला माझ्या हाताने विधवा केलं असतं." मग भिंतीवरच्या कॅलेंडरात ती अमावास्या शोधत म्हणाल्या, "पण आता मी गेल्यावर त्यांना आठवणारं कोण आहे? चल, जाऊ."

अमावास्येच्या सकाळी आम्ही तिघी देवळात गेलो. तर्पणाच्या रांगेत सगळे पुरुष होते. पुजाऱ्यांनी विचारलं, "मुलगा नाही का आला?"

"मुलगा पर्थला आहे आणि त्याने आजोबांना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

"बायकांच्या हातून हे होत नाही, अम्मा."

मी तोंड उघडणार होते. आंटींनी हातानेच मला थांबवलं आणि पुजाऱ्यांना, जणू एखाद्या हट्टी पेशंटला सांगावं तसं, शांतपणे सांगितलं, "सिनेमा दाखवतो म्हणून नेला माझा बाप. त्यांच्यामागे मीच एक उरले. तुम्ही मंत्र म्हणा, पाणी मी सोडते."

पुजाऱ्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं, मग आंटींकडे. तिळाचं भांडं पुढे सरकवलं आणि विचारलं, "वडिलांचं नाव?"

आंटींनी ते मोठ्याने सांगितलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.