तीन हजार मीटरच्या वर आलेला निरोप

विमानात उपग्रहावरून इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीत मी परवान्याचं काम बघते. नियम काय सांगतात ते वाचायचं आणि कंपनी त्यात बसते का ते तपासायचं. विमान तीन हजार मीटरच्या वर गेल्याशिवाय जोडणी सुरू करायची नाही, कोण वापरतंय त्याची नोंद ठेवायची, तपास यंत्रणेने रीतसर मागितली तर ती द्यायची. प्रवाशांसाठीच्या अटी मीच लिहिल्या. एकाच्या नावावरची जोडणी दुसऱ्याने वापरायची नाही. आणि कॉल बंद, फक्त मेसेज. बोलण्याला सरकारची ना नव्हती. मीच मीटिंगमध्ये म्हटलं होतं की तीन तास कोणाच्या तरी सासूची गाऱ्हाणी कोण ऐकत बसणार. सगळे हसले आणि कलम मंजूर झालं.

गेल्या वर्षी विमानातल्या जोडणीच्या एका चाचणीसाठी गुवाहाटीला गेले होते. मुंबईला परतताना शेजारी, खिडकीशी, चाळिशीचा एक माणूस होता. तिकडे पुलाच्या कामावर सुपरवायझर, घर ठाण्याजवळ दिव्याला. विमान सुटेपर्यंत तो धाकट्या भावाशी फोनवर बोलत होता. आई कळव्याला ॲडमिट होती, सकाळपासून श्वास लागला होता. मी ठाण्यातल्या कोपरीची म्हटल्यावर त्याने मॅडम सोडून ताई धरलं.

वर गेल्यावर माझी जोडणी सुरू झाली, त्याची होईना. मोबाईल नंबर जमिनीवर असतानाच नोंदवावा लागतो, कारण ओटीपी वर येत नाही. तिकिटासोबतच्या सूचनांमध्ये ते लिहिलेलं असतं, बरंच खाली. त्याने वाचलं नव्हतं. कोणीच वाचत नाही. त्याने माझ्याकडे पाच मिनिटं हॉटस्पॉट मागितला. मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं.

"मी काय अतिरेकी दिसतो का, ताई?" हसतच म्हणाला.

मग मीच म्हटलं, नंबर सांगा, मी विचारते. भावाला लिहिलं की मी तुमच्या दादाच्या शेजारी बसले आहे, आई कशी आहे ते विचारतायत, याच नंबरवर कळवा. कीस काढला तर हेही कलमात बसत नव्हतं. मी कीस काढला नाही.

तो उपमा खात असताना उत्तर आलं. आई अर्ध्या तासापूर्वी गेली. दादाला सांगू नका प्लीज, प्रवासात आहे. उतरला की मी बघतो.

आपल्याकडची ही जुनी पद्धत. वाटेवरच्या माणसाला मरण सांगत नाहीत, तब्येत जरा जास्त आहे, निघून ये, एवढंच म्हणतात. माझे वडील गेले तेव्हा मी नाशिकला होते. काकांनी मला असंच बोलावलं. एसटी घोटीला थांबली तेव्हा मी मिसळ खाल्ली आणि वडिलांसाठी मोसंबी घेतली. डोंबिवलीला घरी पोचले तर जिन्याखाली चपलांचा ढीग होता. ती पिशवी कुठे ठेवायची ते मला कळेना. काकांशी मी पुढे कित्येक वर्षं धड बोलले नाही.

त्याने विचारलं, "काय म्हणतो?"

"नेट जरा हळू आहे," मी म्हटलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

तो बोलत राहिला. उद्या आईला ठाण्यात हलवायचं होतं. छातीच्या आजाराचे डॉक्टर कुठे चांगले, कॅशलेस कुठे चालतं, ॲम्ब्युलन्स आपण बघायची की ते पाठवतात, एकेक विचारत होता. मला ते ठाऊक होतं, आणि कोणी विचारलं की मी सांगते. दोन ठिकाणं सांगितलीसुद्धा. तिसऱ्याचं सांगता सांगता लक्षात आलं की गेलेल्या बाईसाठी मी खाट शोधते आहे.

"दवाखाना बघू नका आता," मी म्हटलं. "आई गेल्या."

आणि फोन त्याच्या हातात दिला.

त्याने दोनदा वाचलं. फोन लावता येईल का विचारलं. नाही म्हटलं. का, तर बंद आहे. कोणी बंद केलं ते मी सांगितलं नाही. तो उठायला गेला, पण विमान हलत होतं आणि पट्ट्याचा दिवा लागलेला. हवाई सुंदरीने बसायला सांगितलं, तो बसला. तिने ट्रे मागितला. अर्धा उपमा तसाच होता. त्याने ट्रे नीट उचलून दिला, वर थँक यूही म्हणाला. मग खिडकीचं झाकण खाली ओढलं.

पाव तासाने, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "तो सांगू नका म्हणालेला ना?"

मी त्याला घोटीचं सांगितलं. चार वाक्यांत.

"तुम्ही मिसळ तरी खाल्लीत," तो म्हणाला. "मला अजून दोन तास काढायचेत इथे."

मी त्याला पाणी मागवून दिलं. तो ते प्यायला नाही. रडलाही नाही. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला अनोळखी बाई, हात ठेवायला जागा नाही. मी लॅपटॉप उघडून चाचणीचे आकडे भरले. ते भरायचेच होते.

चाकं टेकली आणि त्याचा फोन वाजला. धाकट्याचा आवाज मला अर्धवट ऐकू येत होता, घाईघाईने बोलत होता.

"हो, उतरलो," हा म्हणाला. "काय म्हणतायत डॉक्टर? ... जास्त आहे का? ... बरं. बरं. तू काही खाल्लंस का सकाळपासून? ... येतो मी. तू घाबरू नकोस. आईजवळ बस."