युर्त, वतन, मामलकत

३ नोव्हेंबर १९८७. पापलेटं साफ करत होते. मध्येच हात धुऊन हे लिहायला बसले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, कन्फेशनला फादरनाही नाही.

इथे आखातात, हूरा भागातल्या एका अरबी घरात मी म्हातारीला सांभाळायला होते. सगळे तिला यम्मा म्हणायचे, मीही. आता ती नाही. ती उझबेक. लहानपणी तिकडच्या नव्या सरकारच्या भीतीने घरच्यांबरोबर पळून आली, इथे लग्न झालं, मुलं-नातवंडं अरबी बोलणारी. तिची भाषा घरात एकालाही येत नव्हती. ती भाषा फक्त रेडिओवर यायची — रोज सकाळी, ताश्कंदहून. यम्माचे हात कापायचे, म्हणून स्टेशन मी लावायचं.

"यल्ला, आळशी पोरी, लाव!" — मी चाळिशीची, आणि तिला पोरगी!

देशासाठीचे तिचे शब्द ती मला शिकवायची. मामलकत म्हणजे सरकारचा देश. निवेदक तो शब्द बोलला की रेडिओला दटावायची, "तो तुझा, तुझ्याकडेच ठेव!" वतन म्हणजे मायभूमी. पण युर्त ऐकलं की रेडिओवर हात ठेवायची. आपलं गाव, आपली माणसं, आईचा तंदूर — सगळं त्या एकात, म्हणायची.

आणि मी? मला तेवढाच वेळ पाठ टेकायला मिळायचा. ती खरखर, त्या शिट्ट्या, वर हिचे धडे... माझी स्वतःची पोरं मला इंग्रजीत उत्तरं देत होती, हिच्या शब्दांचं मी काय करू? — नाही, हे कारण मी आत्ता जोडलं. झोप हवी होती. एवढंच.

एका सकाळी सांगून टाकलं, "ते स्टेशन बंद झालं, यम्मा. खलास."

ती चिडली नाही. म्हणाली, "मग तू म्हण ना. तुला येतात."

तीन शब्द! तेही म्हटले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले — आणि छान झोप लागली.

संध्याकाळी तिच्या मुलाने नवा, मोठा रेडिओ आणला. जुना बिघडला असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर न जाता समोर बसला. यम्मा पलंगावर, डोळे माझ्या बोटांवर. मी काटा सरकवत नेला, ताश्कंद जवळ आलं तसा आवाज पार बारीक केला, काटा पुढे काढला, आवाज पुन्हा मोठा केला आणि मुलाकडे बघून म्हटलं, "मफी, बाबा. नाहीच लागत."