दुधाच्या घरातली लिंबाची सून

त्रोफिमेना हे नाव आमच्याकडे वर डोंगरात कुणी ठेवत नाही. ते खाली मिनोरी गावचं, समुद्राकाठचं, तिथल्या संतबाईचं. त्यामुळे माझा थोरला भाऊ साबातो जेव्हा म्हणाला, लग्न करीन तर त्रोफिमेनाशी, तेव्हा आईला नावावरूनच कळलं की मुलगी लिंबवाल्यांची आहे. आई चुलीत लाकूड सारत होती. मान वर न करता म्हणाली, "डोंगरातल्या मुली संपल्या वाटतं."

आमचं घर दुधाचं. सहा गाई, आणि त्यांच्या दुधाचं चीज नुन्झियाताच्या हातचं, म्हणजे माझ्या आईच्या हातचं. खालच्यांचं सगळं लिंबावर. त्यांच्या लिंबाच्या मांडवांना लागणारे चेस्टनटच्या लाकडाचे खांब विकायला साबातो पायऱ्या उतरून जायचा, तिथे त्याने हिला पाहिलं. खांद्यावर माझ्याएवढ्या वजनाची लिंबांची करंडी आणि बाई गात गात चढण चढतेय. साबातो मागून रिकाम्या हातांनी धापा टाकत येत होता. तिने वळून विचारलं, "तुम्हालाही उचलून घेऊ का?" माझा भाऊ तिथेच गारद झाला.

दूध मोठं की लिंबू, हे भांडण आमच्या दोन गावांत माझ्या आज्याच्याही आधीपासूनचं. बाजारात आमच्यातला कुणी म्हणायचा, "लिंबू चोखून कुणाची हाडं झालीत? तुमच्या म्हाताऱ्या बघा, सगळ्या वाकलेल्या." खालचे म्हणायचे, "आणि तुमचे म्हातारे बघा. चीजचे डोंगर घरात, पण ते चावायला तोंडात दात नाहीत." दोन्हीकडचं थोडं थोडं खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

वहिनी आली आणि आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "या घरात लिंबू यायचं नाही. जिथे दूध ठेवतात तिथे आंबट नको." यात गैर काही नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक घरात हा नियम असतो, आणि बाळंतिणीच्या बाबतीत तर फारच कडक असतो. लिंबू पिळलं की भांड्यातलं दूध नासतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक. मग अंगावरचं दूध तरी कसं टिकेल? वहिनी लहानपणापासून लिंबाच्या जाड फोडी मीठ लावून सालीसकट खात आलेली. ती म्हणाली, "बरं, आई." आणि खरंच, पुढे दीड वर्ष तिने लिंबाचं नाव काढलं नाही. गाईचं दूध काढायला शिकली, चीज वळायला शिकली. आई कधी तोंडावर कौतुक करायची नाही, पण तिने केलेलं चीज पाहुण्यांपुढे आपलं म्हणून ठेवायची, आणि आमच्या आईच्या बाबतीत याहून मोठं कौतुक नाही.

मग ऐन थंडीत वहिनीला मुलगी झाली. गरोदरपणात तिला दूध-पावाखेरीज काही पचलं नव्हतं. बाळंतपणानंतरही आमच्या रीतीप्रमाणे दूध, चीज, अंडी, कोंबडी उकळलेलं पाणी, की पुन्हा दूध. बाहेर बर्फ, परसात भाजीचं पानसुद्धा उरलं नव्हतं. वहिनीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पायांवर निळे डाग उठले, आणि अंगावरचं दूध कमी कमी होत चाललं. पोर दिवसभर किरकिर करायची. आई पहाटेच उठून सगळ्यात दाट दूध काढायची, वाटी सुनेच्या तोंडाला लावून बसायची आणि म्हणायची, "पी गं पोरी. सगळं पी."

साबातो खालून डॉक्टरांना घेऊन आला. भला माणूस, बर्फातून गुडघे धरत आला. त्याने हिरड्या बघितल्या, पाय बघितले आणि आईला समजावलं, "नुन्झियाताबाई, तुमच्या दुधात पुष्कळ आहे. हाडांचं आहे, मांसाचं आहे, अंगात धग राहायला स्निग्ध आहे. लिंबात यातलं जवळजवळ काहीच नाही. पण हिरड्या आणि रक्तवाहिन्या धरून ठेवणारं जे क जीवनसत्त्व, ते लिंबात भरपूर आहे आणि उकळलेल्या दुधात नावाला. हिला एकावर भागायचं नाही, दोन्ही हवीत. रोज लिंबू द्या."

आईने त्याला गरम दूध दिलं, चीजचा मोठा तुकडा बांधून दिला, दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हणाली, "त्याने कधी पाजलंय का पोराला?"

साबातो म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणतायत—"

"ऐकलं मी. हिचं असेल नसेल ते दूधही नासलं, तर पोरीला काय तुझा डॉक्टर पाजणार?"

आईपुढे आमच्या घरात कुणाचंच काही चालायचं नाही. माझं मात्र डोकं फिरलं. मी तसाच पायऱ्या उतरून मिनोरीला गेलो, वहिनीच्या माहेरून करंडीभर लिंबं आणली आणि एक कोटात लपवून तिच्या खोलीत नेलं.

"खा पटकन," मी म्हटलं. "आई गोठ्यात आहे."

वहिनीने लिंबू हातात घेतलं. त्याचा वास घेतला. तिचे डोळे भरून आले, तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. मग तिने ते माझ्या हातात परत दिलं.

"नको, भावोजी. चोरून खाल्लं आणि उद्या दूध आटलं, तर खापर लिंबावर फुटेल. आणि चोरून खाऊन बरी झाले, तर आईंना वाटेल त्यांच्या दुधानेच बरी झाले. मग पुढच्या बाळंतिणीचं काय? खाईन तर त्यांच्या समोर."

मी कपाळाला हात लावला. मरायला टेकलेली बाई, आणि पुढच्या बाळंतिणीची काळजी करतेय. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून या बाईबद्दल माझ्या मनात जो आदर बसला तो आजवर हललेला नाही.

संध्याकाळी आई दुधाची वाटी घेऊन आली तेव्हा वहिनी उशीला टेकून बसली. म्हणाली, "आई, एक मागू? लिंबं आपण कोन्तेसाला घालू."

कोन्तेसा आमची सगळ्यात चांगली गाय. आईचा तिच्यावर आम्हा दोघा भावांपेक्षा जास्त जीव.

"वेड लागलं का तुला?"

"तीही ओली बाळंतीणच आहे. तिलाही वासरू आहे. खाली आमच्याकडे गाई-शेळ्या साली खातात, पण तुमचा आमच्यावर विश्वास नाही. कोन्तेसावर तरी आहे ना? तिचं दूध तुम्ही स्वतःच्या हाताने काढा, स्वतः तापवा. नासलं तर मी जन्मात लिंबाला हात लावणार नाही. नाही नासलं तर मलाही लिंबू द्या."

मला वाटलं, आता वाटी भिंतीवर आपटणार. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला. पाळण्यातल्या पोरीकडे ती किती तरी वेळ बघत राहिली, मग मला म्हणाली, "कातेल्लो, लिंबं कुठे लपवलीयस ती घेऊन ये."

गोठ्यात आईनेच फोडी केल्या. कोन्तेसाने आधी हुंगल्या, नाक मुरडलं, एक चावली, आणि नंतर जी सुटली ती सालीसकट करंडीतलंच ओढायला लागली. दुसऱ्या दिवशीही घातली. त्याच्या पुढच्या सकाळी आईने तिचं दूध वेगळं काढलं, तांब्याच्या पातेल्यात ओतलं आणि चुलीवर ठेवलं. साबातो कोपऱ्यात देवाचं नाव घेत उभा. वहिनी भिंत धरत धरत खाली आली होती, तिला मी स्टुलावर बसवलं. घरात फक्त पोरीचं रडणं, तेही आता बारीक झालेलं.

दूध तापलं. कडेला बुडबुडे आले. आईने पळी घालून ढवळलं, वर उचलून पाहिलं, पुन्हा ढवळलं. दूध वर आलं, फुगलं, उतू गेलं, चुलीत चरचरलं, तरी आई पातेलं उतरवेना. शेवटी मीच उतरवलं. वर जाड साय धरली. फुटल्याचं नाव नाही.

आई तिथेच जमिनीवर बसली.

"म्हणजे ते लिंबू नव्हतं," ती म्हणाली.

आम्हाला काही कळेना. ती आमच्याशी बोलत नव्हती, वहिनीशी बोलत होती. "या दोघांच्या आधी मला एक मुलगी झाली होती. बाळंतपणानंतर मी खाली मिनोरीच्या जत्रेला गेले. तिथे एका बाईने लिंबाची फोड दिली, मीठ लावून. मला फार आवडली. आणखी मागून घेतली. आठवड्याने माझं दूध आटलं. पोर गेली." तिने डोक्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. "तेव्हापासून मी खाली उतरले नाही. मला वाटत आलं, मीच तिला मारलं. एका फोडीसाठी."

म्हणून आई जत्रेला कधीच जात नसे. तिचा हट्ट, तिचा राग, लिंबाचं नाव काढलं की तिचं उठून जाणं, सगळं मला त्या चुलीपाशी कळलं. तोवर ती मला फक्त खाष्ट वाटायची.

वहिनी स्टुलावरून उतरून तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिच्यात उभं राहायची ताकद नव्हती, पण तिने आईचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. त्याच खांद्यावर, ज्याने एवढ्या करंड्या वाहिल्या होत्या. म्हणाली, "नाही हो, आई. तुम्ही काही केलं नाहीत."

आई बराच वेळ रडली. मग उठली, चीज कापायची सुरी घेतली, एक लिंबू जाड कापलं, वर मीठ टाकलं. पहिली फोड स्वतःच्या तोंडात घातली आणि डोळे मिटून सावकाश चावली.

"तेव्हा यापेक्षा गोड होतं," ती म्हणाली, आणि दुसरी फोड तिने आपल्या हाताने सुनेच्या तोंडात घातली.