डोमाजीदादांची कायद्याची पुस्तकं

डोमाजीदादांच्या ओसरीवर लढाई सुरू व्हायला निदान तासभर लागायचा, कारण आधी टेबलावरची पुस्तकं उचलावी लागत. टेबल म्हणजे जुन्या दाराच्या दोन फळ्या. त्यांवर कुंभाराकडून भाजून घेतलेले बोटाएवढे मातीचे शिपाई, खच्चरं आणि तोफा. पण हे सगळं पुस्तकांच्या ढिगाखाली दबलेलं असे. चौदा पुस्तकं, त्यांच्या पुरवण्या आणि पुरवण्यांत चिकटवलेल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या. दादा एकेक पुस्तक हलक्या हातानं उचलून खाटेवर ठेवत. खाट भरली की धानाच्या कोठीवर, आणि कोठी भरली की माझ्या मांडीवर.

मी सालेकशाच्या शाळेत मास्तर म्हणून नवाच रुजू झालो होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हा उंच, एका पायानं किंचित लंगडणारा माणूस काखेत पुडकं घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला.

"गुरुजी, इंग्रजी वाचता येते का?"

"येतं."

"मंग सहा दिवस तुमी पोरायचे, आतवार माजा."

दादा मूळचे धानाचे शेतकरी. पहिल्या महायुद्धात खच्चरांच्या पलटणीत भरती होऊन इराकात बसऱ्याकडे गेले आणि पायात गोळी घेऊन परतले. मुंबईच्या इस्पितळात एक गोरा कप्तान शेजारच्या वॉर्डात होता. तो पलंगावर फळी ठेवून शिशाच्या शिपायांची लढाई खेळे. दादांना त्यानं खेळ शिकवला आणि निघताना त्याच्या नियमांचं पुस्तक दिलं. तिथून हे वेड लागलं. दादा नियमांना 'कायदा' म्हणत.

आणि त्या कायद्याला अंत नव्हता. एका पुस्तकात घोडा दोन वीत चाले, तर दुसरं म्हणे, चिखल असेल तर एकच. तिसरं उघडावं, तर त्यात दुसऱ्यातलं सातवं कलम रद्द केलेलं. चिखल कशाला म्हणावं हे पाहायला चौथं पुस्तक, आणि ते कलकत्त्याहून व्ही.पी.च्या डाकेनं मागवावं लागे. एका पुस्तकाला अर्धं पोतं धान जाई. मी वाचून अर्थ सांगेपर्यंत सूर्य कलायचा आणि खच्चर जागचं हललेलं नसायचं. दादा मात्र शांतपणे म्हणत, "घाई नोको करू, गुरुजी. कायदा सोडून खेललं तं मंग ते खेल नाई, तमाशा आहे."

त्यांच्या पत्नी पार्वतावहिनी सुपानं धान पाखडता पाखडता बोलत, "सरकारची लढाई कवाची संपली. ह्याइची काऊन नाई संपत, म्हनतो मी!" त्या भागातल्या बायका स्वतःबद्दलही 'म्हनतो मी' म्हणतात. दादा नुसते हसत.

दोन-तीन महिने झाल्यावर माझ्या लक्षात आलं की दादा दर रविवारी एकच लढाई मांडतात. तोच राखेचा कालवा, खजुराची झाडं म्हणून रोवलेल्या त्याच तीन काड्या, तीच खच्चरांची रांग. रांगेच्या शेवटी गेरूनं रंगवलेला एक शिपाई. कालव्याजवळ तो पडायचा. मग दादा विचारत, "पाहा बरं गुरुजी, पडलेल्याले उचलाचा कायदा आहे का यात?"

नसायचा. मग नवं पुस्तक मागवलं जाई.

पंधराव्या पुस्तकाच्या वेळी घरात भांडण झालं. वहिनींनी पाटल्यांसाठी जमवलेले पैसे दादांनी न विचारता डाकघरात भरले होते. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. रविवारी मी ते जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. अखेर एका ओळीवर बोट थांबलं आणि मी तिचा अर्थ सांगितला: "पडलेला शिपाई टेबलावरून काढून बाजूला ठेवावा."

"बस? एवढंच?"

"एवढंच, दादा."

त्यांनी गेरूचा शिपाई उचलला, पण बाजूला ठेवला नाही. मुठीत धरून बसले. मग खाली पाहत बोलू लागले. तो सुकराम होता. बोदलकशाचा, दादांबरोबरच भरती झालेला. कालव्याजवळ त्याला गोळी लागली. खच्चरांची रांग थांबवायची नाही, असा हुकूम होता. सुकरामनं दोनदा हाक मारली. दादा चालत राहिले. फर्लांगभर पुढे गेल्यावर त्यांनाही गोळी लागली, तेव्हा मागच्यांनी त्यांना उचलून खच्चरावर घातलं.

"मले उचललं, गुरुजी. मंग त्याले काऊन नाई? थांबता येत होतं का नोतं, हे कोनत्या तरी बुकात असंलच ना?"

मी पुस्तक मिटलं. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. दोन दिवसांचा अबोला तिथंच मोडला.

"त्याची माय जिती आहे का?"

"आहे म्हन्तेत."

"मंग तिच्याकडं जा. बुकायले कायले इचारून राहिले?"

दादा मला म्हणाले, "तुमी चाला संगं. माजी जीभ नाई उचलाची."

पुढच्या रविवारी आम्ही सकाळच्या गाडीनं गोंदिया आणि तिथून तिरोडा गाठलं. पुढे बैलगाडी. वाटभर दादा पुटपुटत होते: कालवा डावीकडे, हुकूम असा, अंतर इतकं. बोदलकशाला तळ्याच्या बाजूला एका झोपडीपुढे म्हातारी जाळं सांधत बसली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांनीच भोक शोधत होती. दुसरं मूल तिला नव्हतं. दादांनी स्वतःचं आणि सुकरामचं नाव सांगितलं आणि मातीवर बोटानं कालवा ओढायला सुरुवात केली.

"थांब गा," म्हातारी म्हणाली. "मले लढाई नोको सांगू. त्या दिवशी तो जेवला होता का?"

दादा गोंधळले. मग म्हणाले, "जेवला होता, माय. रोटी न् गूळ. माजीबी अर्धी खाल्ली त्यानं."

म्हातारी चक्क हसली. "लहानपनापासून तसाच हावरा."

तिच्या हसण्यानं दादांचा बांध फुटला. "माय, त्यानं मले हाका मारल्या. मी थांबलो नाई."

जाळ्यावरची बोटं थबकली. तळ्यावर कुणीतरी होडी ओढत होतं.

"थांबला असता, तं तुजी मायबी रडली असती," ती शेवटी म्हणाली. "त्याचा राग नाई मले. पन वीस वर्स मी रस्त्याकडं कान देऊन बसलो. कोनीतरी येईल, माज्या पोराचं काईतरी सांगंल म्हनून. तू काऊन नाई आला?"

या प्रश्नाला दादांजवळ कोणताच कायदा नव्हता. ते तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. म्हातारीनं त्यांना रडू दिलं. मग चाचपडत उठली, भात आणि मासळीचा रस्सा वाढला आणि समोर बसून म्हणाली, "आता सांग. दाढी राखली होती का त्यानं?"

त्यानंतर दादा दर महिन्याला बोदलकशाला जात. सुकराम खच्चरांना कोणत्या नावानं हाका मारी, कोणाची नक्कल करी, समुद्र पाहून कसा घाबरला, असं जे जे आठवेल ते सांगून येत. नवं पुस्तक पुन्हा कधी मागवलं नाही. होती ती वाळवीनं खाल्ली. फळ्यांवर वहिनी मोहफुलं वाळवू लागल्या, आणि दादा त्यांना पाखरं हाकून देत.

चारेक वर्षांनी म्हातारी गेली. निरोप आला तेव्हा मी सालेकशालाच होतो, म्हणून दादांबरोबर गेलो. लंगडत्या पायानं दादांनी तिरडीला खांदा दिला आणि तो वाटेत कुणालाही बदलू दिला नाही. सरणाशी गावचा पाटील पुढे झाला. आग द्यायचा हक्क कुणाचा, हे त्याला ठरवायचं होतं.

"तुमी कोन हिचे?" त्यानं विचारलं.

दादांनी घाम पुसला. "पोरगा," ते म्हणाले. "यायले जरा उशीर झाला."

पाटलानं पेटता पलिता त्यांच्या हाती दिला.