कुंदाकाकूंचं बस्कर

मार्चचा दुसरा शनिवार. गाडी विकायची आहे, म्हणून सकाळपासून डिकी रिकामी करत होते. जंपर केबल निघाली, उन्हानं फुगलेली सनस्क्रीनची ट्यूब निघाली, कुणाच्या तरी पातेल्याचं झाकण निघालं. सगळ्यात तळाशी, स्टेपनीला चिकटून, एक बस्कर होतं. जुन्या साड्यांचे तुकडे जोडून शिवलेलं, चौकोनी, कडेनं निळा टाका घातलेलं. समोरच्या घरातल्या निखिलच्या आईचं, म्हणजे कुंदाकाकूंचं. त्या जानेवारीत नागपूरला वारल्या.

हे बस्कर कायम त्यांच्या पिशवीत असे. कुणाकडेही गेल्या तरी काकू सोफ्यावर बसत नसत. आधी पाण्याचा पेला हातात घेऊन घरभर फिरायच्या, मग एखादी भिंत हेरून तिथे बस्कर टाकायचं आणि पाठ टेकून बसायचं. थोड्या वेळानं उठून दुसरी भिंत. यजमानीण बशी घेऊन त्यांच्या मागे. "घर उभ्यानं समजत नाही," असं त्या म्हणायच्या आणि पुढच्या खोलीकडे निघायच्या.

माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून उपमा खात होते. मी संगणकाच्या चिपच्या कारखान्यात शिफ्टची वेळापत्रकं लावते, त्यामुळे जेवण हे उरकायचं काम.

"तू रोज अशीच खाते?"

"वेळ कुठे असतो, काकू."

"बाप्पा! म्हणजे तू आपल्याच घरी उभ्या उभ्या येऊन राहिली."

मला राग आला. त्यांनी माझ्या डिशवॉशरला पाठ टेकली आणि चहा मागितला.

काकूंनी नागपूरच्या एका कॉलेजात आयुष्यभर आर्किटेक्चर शिकवलं. पोरांनी कितीही देखणं ड्रॉइंग आणलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथे पाठ कुठे टेकायची?" निखिलनं इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये, मोठं घर घेतलं आणि कौतुकानं आईला दाखवलं. दार उघडलं की स्वयंपाकघर, जेवणाची जागा, दिवाणखाना, सगळं एकच. वरपर्यंत काचा. काकूंना त्या घरात पाठ टेकायला एकच भिंत सापडली, पँट्री आणि लाँड्रीच्या दारांमधली. तिथे बसल्या की ड्रायर सुरू झाल्यावर कंबर शेकून निघते, एवढा एक फायदा त्या सांगायच्या.

निखिलला आई कायमची इथे हवी होती. वडील गेल्यापासून ती तिकडे एकटी, रात्री फोन वाजला की याच्या छातीत धस्स. नागपूरच्या फ्लॅटला गिऱ्हाईक लागलं होतं, ग्रीन कार्डचे कागद तयार होते. काकू सही करत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत जायच्या. निखिल चिडायचा, "आई, एका जागी बस ना जरा!"

"जागा दाखव, बसते," काकू म्हणायच्या.

शेवटी त्यांनी अट घातली. फिनिक्सच्या पलीकडे, वाळवंटात, एका जगप्रसिद्ध वास्तुविशारदानं स्वतःसाठी बांधलेलं घर आहे. काकू त्याला कधी नावानं संबोधत नसत, "आपला बुढा" म्हणत. "बुढ्याचं घर मी वर्गात जन्मभर शिकवलं, डोळ्यांनी पाहिलं नाही. ते बघते, मग सांगते." निखिलच्या मीटिंगा संपत नव्हत्या. मला सुट्टी होती. मी नेलं.

गाडीत त्या पिशवीची चेन सारखी उघडत-लावत होत्या. पोचलो तर टूरची गर्दी, कानाला लावायची यंत्रं, आणि गाइड म्हणून एक उंच, पांढऱ्या मिशांचे आजोबा. त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं: कशाला हात लावायचा नाही, कशावर बसायचं नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे उभ्या उभ्याच?"

बाहेरून मला ते घर काही विशेष वाटलं नाही. वाळवंटातलेच दगड काँक्रीटमध्ये घालून केलेल्या बुटक्या, तिरप्या भिंती, त्यावर लाल तुळया, पांढऱ्या कापडासारखं छत. दार इतकं ठेंगणं की आजोबा वाकूनच शिरले. काकू मात्र सराईतासारख्या आत गेल्या, झटकन डावीकडे वळल्या आणि थांबल्या.

"बाप्पा! चूल कुठे गेली?"

चूल म्हणजे शेकोटीची जागा. ती उजवीकडे होती. काकू एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या आणि मग एवढ्या मोठ्यानं हसल्या की सगळ्या घोळक्यानं यंत्रं काढली.

"अगं वर्षा, माझी स्लाइड उलटी होती!"

कॉलेजात या घराची एकच जुनी स्लाइड होती. कधीतरी ती चौकटीत उलटी बसवली गेली आणि काकू दरवर्षी भिंतीवर तेच चित्र पाडून शिकवत राहिल्या: आत शिरताच डाव्या हाताला चूल. "एक पोट्टी म्हणाली होती, मॅडम, सावल्या चुकीच्या बाजूला पडून राहिल्या. मी तिला म्हटलं, तू अमेरिकेला जाऊन आली का? खाली बस!" डोळ्यांतून पाणी येईतो हसत होत्या. मग डोळे पुसले. "फोटो पाहून घर शिकवलं, वर्षा. त्याचं हे असं होते."

पुढच्या खोलीत आजोबा समजावत होते, लोक पाय ओढत होते. काकूंची चुळबुळ थांबेना. मी त्यांचा दंड धरला, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून बस्कर काढलं, दगडी भिंतीशी टाकलं आणि खाली बसल्या.

"मॅम, प्लीज, नो सिटिंग," आजोबा धावले.

"सर, आय ॲम नॉट सिटिंग ऑन फर्निचर," काकू शांतपणे म्हणाल्या. "आय ॲम सिटिंग इन द हाउस."

मी घाईघाईनं त्यांचे गुडघे दुखतात वगैरे सांगितलं. काकूंचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते. त्या भिंतीला पाठ लावून समोर बघत होत्या. उभ्यानं मला खिडकीच्या वरच्या तुळईमुळे नुसती खडी दिसत होती. "तुला डोंगर दिसत नसणार," त्या म्हणाल्या. "इथून अख्खा दिसतो. बुढ्यानं बसलेल्या माणसासाठी बांधलं आहे."

उठल्यावर त्यांनी आजोबांना विचारलं, बुढा इथे उन्हाळ्यात काय करायचा? आजोबा खूश झाले. उन्हाळ्यात इथे कोण राहणार? तो थंडीत यायचा आणि ऊन तापलं की सगळा लवाजमा गाड्यांत भरून उत्तरेकडच्या हिरव्या घरी परत जायचा. दरवर्षी, म्हातारपणीसुद्धा.

परत येताना काकूंनी पिशवीच्या चेनला हात लावला नाही.

"तो स्वतःच कायमचा राहत नव्हता," त्या एकदाच म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत झोपल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी निखिलला सांगितलं, मी तिथेच होते. "फ्लॅट विकायचा नाही. आमची थंडी संपली की येईन, तुमचा उन्हाळा लागायच्या आत जाईन. दरवर्षी."

"आणि मध्ये काही झालं तर?"

"तर तिथे होईल. माझ्या भिंतीला पाठ लावून होईल."

निखिल माझ्याकडे वळला. "वर्षाताई, तुम्ही कशाला नेलंत तिला तिथे?"

मी म्हटलं, त्यांनी सांगितलं म्हणून. दुसरं उत्तर नव्हतं, आजही नाही. काकू ठरल्या दिवशी परत गेल्या. विमानतळावर उतरताना बस्कर माझ्या डिकीत राहिलं. मी कळवलं तर म्हणाल्या, "असू दे, फेब्रुवारीत येतेच आहे." त्या उलट्या स्लाइडवाल्या विद्यार्थिनीला शोधून त्यांनी फोन केला होता. ती आता स्वतः शिकवते म्हणे. "तिला सांगितलं, तुझं बरोबर होतं, आता उभी राहा."

फेब्रुवारी यायच्या आधीच त्या गेल्या. सकाळच्या उन्हात, गॅलरीत, चहा शेजारी. शेजारणीला वाटलं डुलकी लागली आहे. निखिल जाऊन, सगळं उरकून आला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना समोरासमोर आलो तर फोन बघतो. आई इथे असती तर मी जवळ असतो, हे त्याच्या मनात आहे. ते खोटं नाही. पण काकूंनी विचार करून ठरवलं होतं, हेही खोटं नाही. मी शनिवारी बस्कर धुतलं आणि मागच्या कुंपणावर टाकलं. इथल्या हवेत चहा होईपर्यंत वाळलं.

रविवारी सकाळी ते घेऊन समोर गेले. निखिलनं दार उघडलं. दाढी वाढलेली. माझ्या हातातलं पाहिलं आणि दार धरून उभा राहिला.

"या... आत या, ताई. बसा."

नको रे, उभ्या उभ्याच आलेय, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी चपला काढल्या, सरळ पँट्रीपर्यंत गेले, त्या एकुलत्या एक भिंतीशी बस्कर टाकलं आणि बसले. ड्रायर चालू होता. थोड्या वेळानं निखिल दोन कप घेऊन आला. कुठे बसावं हे त्याला कळेना.

मी बाजूला सरकले आणि अर्धं बस्कर मोकळं केलं.