शेंदूर लागलेला भुंगेरा

मी शेंदराला भुंगेऱ्याच्या पंखाचा मूळ रंग समजलो, आणि त्या रंगाच्या भरवशावर कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या किड्याची एक नवी प्रजाती जाहीर केली. खानदेशात दर दुसऱ्या बांधावर शेंदूर फासलेला दगड भेटतो. तिथेच मी जन्मलो, आणि जळगावच्या कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं.

आपल्याकडच्या काळ्या खडकात लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे गाळाची पांढुरकी पट्टी सापडते. त्या पट्टीत भुंगेरे असतात, म्हणजे त्यांचा पाठीवरचा कडक पंख तेवढा असतो. पाय, मिशा, पोट सगळं गेलेलं. त्या एका पंखावरच्या खाचा आणि ठिपके मोजून किडा कुठल्या कुळातला ते ठरवायचं. एखाद्याची नुसती चप्पल पाहून त्याचं गोत्र सांगण्यासारखंच हे काम. चुकायला भरपूर वाव, आणि मी तो पुरेपूर घेतला.

दगड शिंदखेड्याकडच्या एका आबांनी पाठवला होता. माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मामाच्या गावचे हे शेतकरी. दिवाळीनंतर ती पिशवीत घालून तो एसटीने घेऊन आली. पंखाचा ठसा सुरेख होता आणि खाचांमध्ये एकाआड एक नारिंगी-लाल रेघा होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या पाहिल्या आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जो उधळला, तो शाल-नारळ घेऊनच थांबला. रंग टिकलेला किडा! कॉलेजच्या फाटकावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. भुंगेऱ्यापेक्षा मी मोठा दिसत होतो.

विद्यार्थिनीने मात्र त्या लाल कणांची तपासणी करून आणली. "सर, यात शिसं निघालंय. किड्यात शिसं कसं?"

"दगडात असतं शिसं," मी म्हणालो. "आधी वाचून ये, मग विचार."

ती वाचून आली नाही, पण पुन्हा विचारलंही नाही. आणि तिने प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्या प्रजातीला देऊन खानदेशातल्या सगळ्या भुंगेऱ्यांची मांडणी तिच्याभोवती केली, कारण मार्गदर्शक मी होतो. तिला मुदतवाढ एकदा मिळून गेलेली. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता, आणि धुळ्याच्या एका कॉलेजातली तिची नोकरी त्या पदवीवर अडली होती.

त्याच थरातला आणखी एखादा नमुना मिळावा म्हणून आम्ही दोघं आबांकडे गेलो. चहा झाला. मी मोबाइलवर मोठा केलेला फोटो ऐटीत पुढे केला. "आबा, या लाल रेघा पाहा. तुमच्या दगडाने नाव काढलं."

आबांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "भाऊ, हाऊ तं शेंदूर शे."

"कसला शेंदूर?"

"विहीरले पानी लागनं, तधळ हाऊ दगड निंघना. बठ्ठास्नी त्याले शेंदूर लाया. आते विहीर आटनी, दगड गोठामा पडेल व्हता. अक्कानी धुयीसन दिधा, पन रेघास्मातला निंघना नही." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हले काय वाटनं?"

मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. विहिरीला पाणी लागलं तेव्हा निघाला म्हणून सगळ्यांनी शेंदूर लावलेला तो दगड, साहेबांकडे मळका कसा पाठवायचा, म्हणून आबांच्या घरच्या अक्कांनी घासून दिला होता. तसाच दिला असता तर मीदेखील ओळखला असता. परतीच्या एसटीत धुळ्यापासून जळगावपर्यंत विद्यार्थिनी खिडकीबाहेर पाहत होती. त्या रस्त्यावर पाहण्यासारखं काही नाही.

घरी येऊन मी कापसाचा बोळा द्रावणात बुडवून एक रेघ पुसली. बोळा नारिंगी झाला; शेंदूर शिशापासूनच बनतो, हे मला तेव्हा आठवलं. खाली साधी खाच उरली, कुठल्याही चार कुळांत बसेल अशी. तरीही तीन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. शेंदराखाली खरा रंग असेलच की, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. तिचा रोज एकच मेसेज यायचा : "सर, प्रकरण तिसरं ठेवू की काढू?" मी रोज तो वाचायचो आणि मोबाइल पालथा ठेवायचो. फ्लेक्स उतरेल ही भीती मला तिच्या वाया जाणाऱ्या वर्षांपेक्षा मोठी वाटत होती.

चौथ्या दिवशी तीच घरी आली. मी घाईघाईने संशोधन मागे घेण्याचं पत्र काढून दाखवलं. 'नमुन्याच्या हाताळणीत परकीय द्रव्य मिसळले असण्याची शक्यता नाकारता येत नाही', असं मी मोठ्या कौशल्याने लिहिलं होतं.

तिने ते उभ्यानेच वाचलं, पेन काढलं आणि वाक्य खोडून वर लिहिलं : शेंदूर.

"तिसरं प्रकरण काढलं मी," ती म्हणाली. "भुंगेरा 'कुळ अनिश्चित'मध्ये टाकलाय. सगळी मांडणी नव्याने करावी लागेल. पुन्हा मुदत देतील की नाही, माहीत नाही. अर्जावर सही लागेल."

"देतो ना. आणि त्या पंखाचं वर्णन मी आज बसून नव्याने लिहून—"

"नको सर. तुम्ही फक्त सही करा. दगडाला आता हात लावू नका."