ही आपली गाडी नाही

गॅरेजमधून गाडी परत आली त्या संध्याकाळी बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही आपली गाडी नाही."

आई हसली. मीही हसले. फिका निळा रंग तोच, नंबरप्लेट तीच, आरशाला आईने लटकवलेला लोकरीचा गोंडासुद्धा तोच. पत्रा तेवढा नवा दिसत होता, आणि पत्र्याच्या कामासाठीच तर गाडी दिली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही वसईत, स्टेशनपासून थोडं आत, एका चार मजली इमारतीत राहायचो. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी, गोलमटोल, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. बाबांनी ती जुनीच घेतली होती. रविवारी आम्हाला बसवून ते अर्नाळ्याला नाहीतर कळंबला न्यायचे. किनाऱ्यावर आम्ही भजी खायचो आणि खारा वारा गाडी खायचा. शेवटी मागच्या सीटखालून रस्ता दिसायला लागला, तेव्हा तुळिंजच्या एका गॅरेजात ती दिली. अख्खा पावसाळा ती तिकडेच होती.

"आपलं दार लावताना जरा वर उचलावं लागतं," बाबा म्हणाले. "हे सरळ लागतंय."

"बिजागरी बदलली असेल, बाबा."

"स्टिअरिंगखालचा पत्रा जरा आत दबलेला होता. माझाच गुडघा लागला होता एकदा."

"ठोकून सरळ केला असेल."

त्यांच्या प्रत्येक शंकेवर माझं उत्तर तयार. ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारींना उत्तरंच द्यायचे मी, हात बसलेला होता. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "काकांना सांगा, नव्या रंगामुळे तसं वाटतं." मला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

बाबा मात्र ऐकेनात. रोज सकाळी खाली जाऊन गाडीत बसायचे, डोळे मिटून चावी फिरवायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहायचे. "ही आपली," म्हणायचे. मग डोळे उघडून इकडेतिकडे बघायचे. "नाही. ही नाही." असं रोज. आता ह्यावर कोणी काय बोलायचं? इमारतीतले लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. ते थांबले तेव्हा मी घाबरले.

आईने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "ह्यांच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय."

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून सुरू झालं? आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, गाडीपासून. त्यांनी लिहून घेतलं. आधी आम्ही गाडीची चावी काढून घेतली. मग बँकेचे व्यवहार, मग बाजारहाट. बाबा काहीही बोलले की आई आणि मी एकमेकींकडे बघायचो. "गॅस चालू राहिलाय," म्हणाले तरी आधी एकमेकींकडे बघायचो, मग गॅसकडे. गॅस चालूच असायचा.

पुढच्या काही वर्षांत ते खरोखरच विसरू लागले. आधी शब्द, मग रस्ते, मग माणसं. आईला "अहो बाई" म्हणायला लागले. मला तुम्ही. ह्याचीही सवय होते. मी त्यांना भात भरवायचे आणि ते दर घासाला माझे आभार मानायचे.

गाडी खाली धूळ खात उभी होती. सोसायटीने ती हलवा म्हणून तगादा लावला, तेव्हा जुन्या गाड्यांची हौस असलेला एक माणूस ती बघायला मुंबईहून आला. रविवारची सकाळ होती. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनावरचा नंबर फडक्याने पुसला आणि गाडीच्या नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहिला. मग इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला चासी नंबर, म्हणजे बॉडीचा नंबर, शोधला. त्यावर रंगाचा थर बसला होता. त्याने पॉलिशपेपरने तो घासला, वर पातळ कागद धरला आणि कागदावरून पेन्सिल फिरवली. आकडे एकेक करून वर आले. पुस्तकातल्याशी त्यांचं काही जमेना. त्याने पुन्हा कागद लावला, पुन्हा तेच.

"मॅडम, इंजिन तुमचं आहे," तो म्हणाला. "बॉडी दुसऱ्या गाडीची आहे."

मी विचारलं, असं कसं होईल?

"तुमची फार सडलेली असणार. ती नीट करत बसण्यापेक्षा भंगारातली बरी बॉडी आणायची, तुमचं इंजिन, तुमच्या प्लेटी तिच्यावर चढवायच्या, रंग मारायचा. मेहनत वाचते." त्याने हात पुसले. "पण घरात कोणालाच कळलं नाही?"

"कळलं होतं," मी म्हटलं.

नंबर जुळत नाहीत म्हटल्यावर तो गाडी न घेताच गेला. तुळिंजला त्या गॅरेजच्या जागी केव्हाच दुकानं झाली होती, भांडायलाही कोणी नव्हतं. मला भांडायचंही नव्हतं. रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही. उघड्या बॉनेटपाशी नुसती उभी राहिले. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं आमचं उत्तर चुकलं होतं, एवढंच डोक्यात येत होतं. मग बरोबर उत्तर काय होतं? आजार केव्हा सुरू झाला, आणि तोवर आम्ही एका धडधाकट माणसाला किती दिवस वेड्यात काढलं, हे आता कोण सांगणार.

वर आले. आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडत राहिली.

बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले. "बाबा, तुमचं बरोबर होतं. इंजिन आपलं आहे, पण गाडी दुसरीच आहे."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"मी तेच सांगत होतो," ते म्हणाले. मग घरात कोणी ऐकत नाही ना ते बघून पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही एक काम कराल का? एवढं माझ्या मुलीला सांगा. माझं ती ऐकत नाही."

"सांगते," मी म्हटलं.